समुद्रानं परत केलेली ओटी

आमच्या गावात कुणी पिशवी भरून एस.टी.च्या रस्त्याला लागला की पारावरची मंडळी पहिलं विचारतात, "कोण गेलं?" उन्हाळा असला तर विचारतात, "कुणाचं लगीन?" तिसरं कारण देव आणि चौथं सांगलीचा बाजार. या चार खुंट्यांना आमचा सगळा प्रवास बांधलेला. त्यामुळे चीनच्या लढाईनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बायको, मुलगा, सून आणि नातू अशी वरात घेऊन मी निघालो आणि "समुद्र बघायला चाललोय" असं खरं खरं सांगून बसलो, तेव्हा अख्खा पार माझ्या तोंडाकडं बघू लागला.

"समुद्र?" गणू सुतारानं विचारलं. "तिथं देव हाय का?"

"जवळ शंकराचं देऊळ हाय म्हणं."

"मग तसं सांगा की आबा! नुसतं पाणी बघाय चाललोय म्हणाला तर माणसाला धसका बसतोय."

घरातही हीच तऱ्हा. "दारात किष्णाबाई हाय," माझी बायको तानू म्हणाली, "आन् तुमी पाणी बघाय डोंगर वलांडून निघालाय. उसाला पाणी कोण पाजणार?" उसाला भावानं पाणी पाजायचं ठरलं. तानूची समजूत मात्र उसापेक्षा जास्त पाणी प्याली.

खरं कारण पाण्याचं नव्हतंच. ते सांगतो, कारण त्यावाचून पुढचं काही कळायचं नाही.

आमचा दत्तू फौजेत. लढाई पेटली तेव्हा त्याची पलटण थेट सरहद्दीवर गेली, आणि तो तिकडं बर्फात असताना इकडं सून शालन बाळंत झाली. मुलगा झाला. माझ्या वडिलांचं नाव ठेवलं, त्यांना सगळे म्हणत तसं यालाही सगळे 'बापू' म्हणू लागले. सगळे म्हणजे तानू सोडून. सासऱ्याचं नाव तोंडात कसं घ्यायचं? तेव्हा ती नातवाला 'मामंजी' म्हणते, आणि तेही मानानं. "मामंजी, नाक पुसू द्या." "मामंजी, चूल हाय ती, तिकडं जाऊ नगा." एकदा मामंजींनी तिच्या पदरावर कार्यभाग उरकला, तर ही पदर झटकत म्हणते, "असूं द्या, असूं द्या."

दत्तूची रजा एकदा ठरून रद्द झाली, मग दुसऱ्यांदाही. मुलाला बाप कळावा म्हणून आम्ही दत्तूचा वर्दीतला फोटो सोप्यातल्या भिंतीवर हाताला येईल इतका खाली लावला. हार घातला नाही. हार गेलेल्या माणसाच्या फोटोला, म्हणून तानू त्या खिळ्याला साधा दोरासुद्धा लोंबू देत नसे. रोज सकाळी बापू गुळाचा खडा घेऊन फोटोपुढं जाई, काचेवर बाबाच्या तोंडाला तो नीट चोळी आणि उरलेला आपण खाई. "बाबा कुठाय?" विचारलं की बोट फोटोकडं. आम्हाला केवढं कौतुक! आमच्या घरातल्या मुंग्यांनाही दत्तू फार आवडू लागला.

आणि मग एक दिवस खरा दत्तू खांद्यावर ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. तानूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, शालन चौकटीआड उभी, मी नाटकातल्यासारखे हात पसरलेले. दत्तूनं मात्र आधी पोराकडं बघितलं आणि गुडघ्यावर बसून म्हणाला, "ये बापू."

बापूनं असा टाहो फोडला की वेशीतली कुत्री भुंकली. माझ्या धोतरात शिरून तो पार दिसेनासा झाला. "आरं, बाबा आला की. बाबा कुठाय?" शालननं विचारलं. धोतरातून एक हात बाहेर आला आणि त्यानं भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवलं.

पहिले दोन दिवस आम्ही हसलो. मग तानू म्हणाली, फोटोत मिशी नाही म्हणून लेकरू भितंय. दत्तूनं मिशी काढली. त्यावर घरात आणखी एक तिसराच माणूस शिरला असं बापूला वाटलं आणि त्यानं जेवणही सोडलं. दत्तू पुढं आला की हा किंचाळे, म्हणून दत्तू मागच्या दारानं ये-जा करू लागला. झोपायला गोठ्यात गेला. मी विचारलं तर हसून म्हणाला, "बैलं वळखत्यात मला, आबा."

निम्मी रजा अशी गेली. पुढची रजा कधी, कुणी सांगावं? आणि दत्तू कुठं परत जाणार होता ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा मला युक्ती सुचली. जत्रेच्या नाटकात दरवर्षी राजाचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे मला रंगमंच कळतो. घरात सगळं ओळखीचं, त्यात दत्तू एकटा परका. आपण सगळं बिऱ्हाडच अशा ठिकाणी हलवायचं की जिथं झाडं परकी, माणसं परकी, जेवणसुद्धा परकं. मग त्या परक्यांच्या गर्दीत दत्तू आपोआप ओळखीचा ठरेल! दत्तूच्या पलटणीतला एक दोस्त गुहागरचा. तो तिकडं सरहद्दीवरच होता, पण त्याची आई भागीमावशी घरी एकटी असते आणि "आमच्या घरी जाऊन ये" असं त्यानं दत्तूला बजावलेलं. ठरलं.

सांगलीहून घाटाखाली

रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जायचं नाही, म्हणून आधी सांगली गाठली. पेठेत गुळाची एक ढेप घेतली आणि हळद घेतली. हळदीच्या पेठेतून बापू बाहेर आला तो खंडोबाचा भक्त होऊनच. अडत्या ओळखीचा. म्हणाला, "कुणाचं लगीन?" मी म्हणालो, "समुद्राचं." त्यानं हळद जास्तीची घातली.

तानूनं ज्वारीच्या पिठाचं गाठोडं बांधलेलं, वर शेंगदाण्याची चटणी आणि कांदे. "समुद्रात जोंधळा पिकत न्हाई," तिचं म्हणणं. गाडीत आमची बसायची व्यवस्था अशी: एका टोकाला मी आणि मांडीवर बापू, दुसऱ्या टोकाला दत्तू, मध्ये दोन बायका, ढेप आणि गाठोडं. सरहद्दीवरनं रजेवर आलेल्या माणसाला आम्ही गाडीतही सरहद्दच आखून दिली होती. कराड गेलं, पाटण गेलं, कोयनेच्या खोऱ्यात नव्या धरणाच्या गप्पा ऐकल्या. बापूनं माझं धोतर भिजवलं ते वाळलं, पुन्हा भिजवलं. बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

पण कुंभार्ली घाट उतरू लागलो आणि हवाच बदलली. आमच्याकडं वैशाखात वारा तव्यावरून येतो, इथं तो भिजल्या पंच्यातून आला. मातीचा रंग गुळासारखा. घरं झाडांत लपलेली. आमच्यासारखी एकमेकांच्या भिंतीला पाठ लावून बसलेली नाहीत. तानू खिडकीतून बघत म्हणाली, "आवं, हितं माणसं भांडत कशी असतील? लय लांब लांब राहत्यात."

भागीमावशीचं अंगण

भागीमावशी म्हणजे वाळल्या सुपारीसारखी बाई: बारीक, कडक, आणि फोडल्याशिवाय आतलं कळत नाही अशी. तिनं आमच्याकडं बघितलंच नाही. दत्तूला हाताला धरून ओटीवर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "माझा झील जेवतो ना रे तिथं?"

"व्हय मावशी. माझ्या ताटातलं बी त्योच खातोय."

"खोटं बोलतोस. लहानपणापासून नखरे त्याचे." मग पदराचं टोक डोळ्याला लावलं, आणि लगेच मला दरडावलं, "तुमी काय उभे? बसा. घाटावर बसायची रीत नाय काय?"

तिच्या घरी सकाळी पेज, म्हणजे पातळ भात. दुपारी भात. रात्री पुन्हा भात. पहिल्या दिवशी मी चार वाढण्या घेतल्या आणि जेवून उठल्यावर विचारलं, "जेवण कवा?" तेव्हा तानूनं पीठ काढलं आणि मावशीच्या चुलीवर भाकरी थापली. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"ही भाकरी काय? मला वाटलं पाखडायचं सूप करताय."

"खाऊन बघा तर."

मावशीनं तुकडा मोडला, चावला, पुन्हा चावला. "दात पाहिजेत हो याला," म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.

तानूला धक्का बसला तो नारळाचा. आमच्याकडं नारळ देवापुढं फुटतो, तोही सणावारी, आणि त्याचा तुकडा वाटणीला येतो तो बोटाच्या पेराएवढा. इथं मावशीनं गप्पा मारता मारता दोन नारळ खवले आणि बांगड्याच्या कालवणात ओतले. तानू माझ्या कानात म्हणाली, "आवं, देवाचं फळ मासळीत!" कालवण मात्र तिनं दोनदा घेतलं. मला काटे काढता येईनात. दत्तू तिथं बसून माझ्या ताटातले काटे काढून देत होता, आणि माझ्या मांडीवरून बापू त्याच्या बोटांकडं, एखादा चोर घरफोडी करतोय अशा नजरेनं बघत होता.

पहिली भेट

संध्याकाळी समुद्रावर गेलो. सुरूच्या बनातून वाट संपली आणि एकदम समोर तो.

आता आमच्या नाटकातही समुद्र आहे. सांगलीच्या पेंटरनं पडद्यावर रंगवलेला, निळाजर्द, एका कोपऱ्यात उंदरांनी भोक पाडलेलं. त्याच्यापुढं उभं राहून मी गेली कितीतरी वर्षं गर्जना करत आलोय. खरा समुद्र समोर आल्यावर राहवेल कसं? बापूला शालनकडं दिलं, फेटा ठीक केला, घोट्याएवढ्या पाण्यात शिरलो आणि हात उगारून गरजलो, "हे सागरा, मागं सर! राजा तुझ्या दारी उभा आहे!"

पडद्यावरचा समुद्र माझं भाषण संपेपर्यंत थांबायचा. यानं तसं काही केलं नाही. पुढचं वाक्य तोंडात असतानाच एक लाट आली आणि तिनं राजाला सिंहासनासकट आडवं केलं. नाकातोंडात खारट पाणी, कानात वाळू, आणि फेटा डोक्यावरून सुटून निघाला तो थेट पश्चिमेला. दत्तू धावला, मला काखेत धरून त्यानं बाहेर काढलं. बापू शालनच्या कडेवर टाळ्या पिटत होता. या दौऱ्यातलं माझं पहिलं यशस्वी काम.

मग तानू पुढं झाली. तिनं ओटी आणली होती: खण, नारळ, ओंजळभर गहू, हळदकुंकू. नवं पाणी पाहिलं की त्याची ओटी भरायची ही आमच्याकडची रीत. कृष्णेला पूर आला की सगळ्या सवाष्णी जातात. बाई ओटी सोडते आणि डोळे उघडायच्या आत कृष्णामाई ती घेऊन वळणापलीकडं जाते. तशी तानू काष्टा सावरत गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, डोळे मिटले, कितीतरी वेळ ओठ हलत होते. मग तिनं ओटी सोडली.

गहू बुडाले. खण भिजून खाली बसला. नारळ मात्र डुलत डुलत दहा पावलं गेला, थांबला, विचार केल्यासारखा फिरला आणि लाटेवर बसून परत आला तो तानूच्या पायाला लागला.

तिनं पुन्हा सोडला. पुन्हा आला.

तिसऱ्यांदा आला तेव्हा तिचा चेहरा उतरला. "घेत न्हाई वो," ती म्हणाली. "तुमचा फेटा घेतला, आन् माझी ओटी न्हाई घेत."

घरी आल्यावर मावशीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अवो, भरतीला दिलात तर परत नाय आणणार तर काय करणार तो? ओहोटीला द्या. नेईल."

"देवाला कसली येळ?" तानू म्हणाली. "आमची किष्णाबाई कवाबी दिली तरी घेती."

"तुमची नदी जाणारी हो. हा इथंच राहणारा. फेटासुद्धा येईल बघा."

तानूचं समाधान झालं नाही. तिनं नारळ माजघराच्या कोपऱ्यात ठेवला, पाठ फिरवून. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, "सांगितलं तर फळत न्हाई." ते सांगायची गरज नव्हती. घरात मागायसारखी एकच गोष्ट होती आणि ती त्या वेळी अंगणात, आमच्यापासून लांब, एकटीच चुलीचं लाकूड फोडत बसली होती.

आला!

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर वाळूत काहीतरी लांब, काळपट, मेलेल्या अजगरासारखं पडलेलं. शालन दचकली. बापू तिच्या बोटाला धरून जवळ गेला, वाकला, बोट लावून बघितलं आणि माझ्याकडं वळून ओरडला, "आबा! आला!"

माझा फेटा. अर्धा समुद्र पोटात घेऊन परत आला होता.

बापूला केवढं नवल! गेलेली वस्तू परत येते, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. आमच्या ओढ्यात त्यानं चेंडू टाकला तो गेला, लाकडी बैल टाकला तो गेला, माझा चष्मा टाकला तोही गेला. त्यानं फेट्यावर एकदा चापट मारली आणि समुद्राकडं असं बघितलं, की बाबा तू माणूस चांगला दिसतोस.

पण माझी युक्ती फसत होती हे कबूल केलं पाहिजे. परकी झाडं, परकी माणसं, परका भात बघून बापूनं दत्तूला ओळखीचा मानायच्या ऐवजी मलाच आणखी घट्ट धरलं. दुपारी सुरूच्या सावलीत मी आणि दत्तू बसलो होतो. बापू माझ्या पाठीवर चिकटलेला, गोचिडासारखा.

"आबा," दत्तू समुद्राकडं बघत म्हणाला, "नगा जोर लावू आता. लेकराला उगं तरास."

"आरं, हुईल रं. चार दिवस हायत अजून."

"न्हाई झालं तरी चालतंय. फोटो हाय की भिंतीवर. त्याच्यावर माया करतोय, म्हंजे माझ्यावरच की." मग वाळूत रेघ ओढत म्हणाला, "आन् उद्या काय झालं, तर त्याला वाईट बी वाटायचं न्हाई. ते बरंच हाय."

नाटकात अशा वेळी राजाला चार ओळींचं भाषण असतं. मी म्हणालो, "गप रं गड्या," आणि फेटा पिळत बसलो. तो वाळलेला होता.

आमच्या मागं तानू उभी होती. तिनं किती ऐकलं ते मला माहीत नाही. ती सरळ घराकडं गेली आणि नारळ घेऊन आली.

"दत्तू," ती म्हणाली, "माझ्या हातानं घेत न्हाई त्यो. तू टाक. लांब टाक. परत येता कामा नये."

"आये, मावशी म्हणतीया ओहोटीला..."

"मला न्हाई ठावं ओहोटी. टाक."

दत्तू उठला. बाह्या सारल्या. फौजेत हातगोळा फेकायला शिकवतात तसा एक पाय मागं, डावा हात पुढं, आणि सबंध अंग वळवून त्यानं नारळ असा भिरकावला की तो आभाळात बारीक होत गेला आणि लाटांच्या पलीकडं पडला. तानूनं हात जोडले. आता गेला.

बापू माझ्या पाठीवरून उतरला.

तो पाण्याच्या कडेला गेला, गुडघ्यांवर हात ठेवून उकिडवा बसला आणि बघत राहिला. आम्हाला काही दिसत नव्हतं. त्याला दिसत असावं. बराच वेळ गेला. मावशी म्हणते तसा समुद्र भरत होता. मग एका लाटेच्या माथ्यावर काळा ठिपका, तो बुडाला, पुढच्या लाटेवर पुन्हा दिसला, आणि शेवटी नारळ फेसातून गडगडत येऊन वाळूत थांबला.

"आला!"

तानूचे जोडलेले हात खाली आले. पण बापूनं नारळ दोन्ही हातांनी उचलला. त्याच्या पोटाएवढा तो नारळ. घेऊन वळला. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, आणि या राजाच्यानं एवढी फेक होणार नाही हे त्यानं एका नजरेत ओळखलं. मग डुलत डुलत दत्तूपुढं गेला, नारळ त्याच्या पायाशी टाकला आणि हुकूम सोडला,

"आनि!"

म्हणजे आणखी एकदा. मी कुजबुजलो, "टाक रं, टाक!" त्यानं टाकला. बापू उकिडवा बसला. नारळ आला. "आला! आनि!" तिसऱ्यांदा टाकला तेव्हा दत्तूही त्याच्याशेजारी उकिडवा बसला, थोडं अंतर ठेवून, मांजर बिचकू नये म्हणून माणूस बसतो तसा. चौथ्यांदा एका लाटेनं दोघांनाही गाठलं. बापू लोळला, नाकात पाणी गेलं, त्यानं भोकाड पसरलं आणि हाताला जे पहिलं लागलं ते धरलं. ते दत्तूच्या बनियनचं टोक होतं. दत्तूनं त्याला उचललं. बापू रडता रडता थांबला, अगदी जवळून त्या तोंडाकडं बघितलं, आणि मग लाटेकडं बोट करून कुरकुरला, "आनि!"

तानू तोंडावर पदर घेऊन बसली होती. "आवं, ओटीचा नारळ! खेळणं केलं वो मामंजींनी!"

"मग सांग की मामंजींना, खेळू नगा म्हणून."

"मी कशी सांगू? मोठं माणूस हाय त्ये," ती म्हणाली, आणि हसली की रडली हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळपर्यंत मला 'आबा' अशी एकही हाक आली नाही. राजाला विंगेत उभं राहायची सवय नसते. मी वाळूत एकटाच फिरलो, शिंपले गोळा केले, ते कुणाला दाखवावेत हा प्रश्न पडला, आणि शेवटी मावशीला दाखवले. ती म्हणाली, "हे गोळा करतात? आमी झाडून टाकतो."

रात्री जेवताना मावशीनं आमच्याच ढेपेचा गूळ फोडून बापूच्या हातावर ठेवला. तो उठला. तोंडाकडं नेलेला खडा थांबवला. दत्तू समोर पाटावर खाली मान घालून जेवत होता. बापू त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला, एका हातानं त्याची हनुवटी वर केली आणि गुळाचा खडा त्याच्या ओठांना नीट, इकडून तिकडं, रोज सकाळी काचेला चोळायचा तसा चोळला. उरलेला आपण खाल्ला.

दत्तू ताटावरून उठून अंगणात गेला. फौजेतली माणसं ताटावरून उठत नाहीत, म्हणून मावशीनं विचारलं, "काय झालं त्याला?"

"कालवण तिखट हाय," शालन म्हणाली. त्या रात्री कालवण नव्हतंच. दहीभात होता.

ओहोटी

राहिलेले दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही, कारण कुणी मला विचारतच नव्हतं. बाप-लेक उजाडताच समुद्रावर. शालन त्यांच्यामागं कोरडे कपडे घेऊन. दत्तूच्या मिशीला खुंट फुटले होते, ते बापू हातानं चाचपून बघे. तानूनं मावशीला भाकरी शिकवली, मावशीनं तिला घावन शिकवले; दोघींनी एकमेकींच्या कामाला नावं ठेवली आणि निघायच्या आदल्या दिवशी गळ्यात पडून रडल्या.

शेवटच्या दिवशी मावशी स्वतः हाक मारायला आली. "चला, आता ओहोटी लागलीय. नारळ घ्या तो. आता दिलात की थेट जाईल, परत नाय यायचा. ओटी पुरी करून मोकळ्या व्हा."

आम्ही सगळे गेलो. समुद्र खूप आत सरला होता, ओली वाळू आरशासारखी. नारळाचा एव्हाना अवतार झालेला. शेंडी गेलेली, अंग घासून गुळगुळीत. तानू पाण्यात उतरली. नारळ ओंजळीत धरला, डोळे मिटले. शेजारी दत्तू उभा, त्याच्या खांद्यावर बापू.

तानूनं डोळे उघडले. एकदा नारळाकडं बघितलं, एकदा दत्तूकडं. आणि नारळ तसाच पदरात बांधून ती बाहेर आली.

"अवो, काय झालं?" मावशी ओरडली. "आता नेतोय तो!"

"म्हणूनच नगं," तानू म्हणाली.

"आणि ओटी?"

"ओटी पावली मला. मी जे मागितलं हुतं त्याचं उत्तर त्यानं पयल्याच दिशी दिलं, तीनदा परत करून. मीच येडी, कळलं न्हाई."

त्या दोघींचे मुलगे एकाच पलटणीत. मग मावशीनं पुढं होऊन तानूच्या पदरातला तो नारळ नुसता हातानं चाचपला, आणि म्हणाली, "आमच्या घरात एवढे नारळ. एकसुद्धा टाकून बघायचं सुचलं नाय मला."

दुसऱ्या दिवशी आमची गाडी निघाली तेव्हा ती निरोपाला आली नव्हती. दाराशी शेजारची पोरं सांगत होती, म्हातारी भरतीला समुद्रावर गेलीय.

कृष्णाकाठी

घरी आलो. पारानं विचारलं, "काय बघितलं?" मी पाऊण तास समुद्र उभा केला, लाटेसकट, स्वतः दोनदा पडून दाखवलं. गणू सुतार म्हणाला, "म्हंजे आबा, पाणीच की."

मग दत्तूचा जायचा दिवस आला. आमच्या गावाहून स्टेशन गाठायचं तर नावेनं कृष्णा ओलांडावी लागते. सगळे घाटावर गेलो. आजवर दत्तू निघाला की तानू रडायची. या वेळी आम्हा सगळ्यांना धास्ती होती ती बापूची. आता त्याला बाप कळला होता. आता वाईट वाटणार होतं. दत्तूनं त्याला खाली ठेवलं, ट्रंक नावेत चढवली, आणि आमच्याकडं न बघता म्हणाला, "चला, नाव सोडा."

नाव सुटली. शालन पाठ फिरवून उभी राहिली.

बापू रडला नाही. तो पाण्याच्या कडेला गेला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि उकिडवा बसला. नाव लहान होत गेली, दत्तूचा हात हलत होता तो दिसेनासा झाला, पलीकडच्या काठाला नाव लागली. बापू बघत होता, अगदी निवांत, ज्याला पुढचं माहीत आहे अशा माणसासारखा.

बऱ्याच वेळानं नाव परत आली. त्यात नावाडी, दोन शेळ्या आणि कडब्याचा एक भारा. बापूनं शेळ्या नीट तपासल्या. "न्हाई," म्हणाला, आणि पुन्हा पलीकडं बघू लागला.

ऊन कललं. मी म्हणालो, "चल रं बापू, घरी." तो हलेना. मी उचलायला वाकलो तर तानूनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आणि माझी बायको, जिनं आयुष्यात सासऱ्याच्या बरोबरीनं बसायचं धाडस केलं नव्हतं, ती काष्टा आवरून त्याच्या शेजारी, तशीच उकिडवी बसली.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "समुद्र मोठा हाय, त्याला परत द्यायला येळ लागत न्हाई. आपली नदी बारकी. हिला जरा येळ लागतोय."

बापूनं मान डोलावली. मग मीही बसलो. शालनही येऊन बसली. नावाड्यानं नाव बांधता बांधता विचारलं, "आबा, कोण गेलं?"

"कोण न्हाई रं," मी म्हणालो. "यायचा हाय एक जण."